केसाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या भिंगावर कडेपासून मध्यापर्यंत एक चीर गेलेली आहे. ती कशी पडली ते ओघाने येईलच. पण त्या चिरेच्या आधी माझ्यावर एका केसाचा आळ आला होता, आणि मला सांगायचे आहे ते त्या आळाबद्दल. आळ खोटा होता. मात्र मला तोंड नाही, नुसता डोळा आहे. ज्याला नुसता डोळा असतो, त्याला साक्षीला कोणी बोलावत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. त्यांचे फक्त डोळे उघडे. माझ्या पोटात कोणाचा केस पडू नये म्हणून एवढा बंदोबस्त. माझ्या पोटात एक गुळगुळीत पाटी आहे. तिच्यावर उजेड पडला की चित्र उमटते. तिला सेन्सर म्हणतात. आमच्या आधीच्या कॅमेऱ्यांत या पाटीपुढे एक आरसा उभा असे, घराला दार असावे तसा. आमच्या जातीत तो आरसाच काढून टाकला, म्हणून आम्हाला मिररलेस म्हणतात. आरसा गेला आणि आम्ही हलके झालो, अंगाने लहान झालो. पण भिंग उतरवले की आमचे पोट उघडे पडते. धूळ, दोरा, केस, काहीही आत जाऊन बसते. दार काढलेल्या घरात मांजर शिरते तसेच.

हे एवढे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा याच्यामुळेच झाला.

मला विकत घेतले एका फोटोवाल्याने. रस्त्यावरची सगळी माणसे त्याला हलूनका म्हणत. गिऱ्हाईक स्टुलावर बसले की तो म्हणायचा, "हलू नका." आवाज असा लावायचा, की रडणारे मूलही तोंड उघडे ठेवून गप्प व्हायचे. एकदा म्हणे त्याने असे म्हटले आणि दारावरून चाललेला पाववाला सायकलवर एक पाय ठेवून जागीच थांबला. खरेखोटे तो पाववाला जाणे.

दुकानात आम्ही दोघे शेजारी शेजारी मांडलेले होतो. मी काळा आणि दुसरी चंदेरी. दोघेही पहिल्या पायरीचे, नवशिक्याच्या हातात द्यायचे. हलूनक्याचा जुना कॅमेरा मोडला होता आणि त्याला परवडेल असे आम्हीच होतो. त्याच्याबरोबर त्याची बायको आली होती. रस्ता तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

माझ्या डोक्यावर एक छोटी खिडकी आहे, डोळा लावून बघायची. तिच्या बाजूला एक बारीक चाक आहे. ज्याच्या डोळ्यांना नंबर आहे त्याने ते फिरवले, की चष्म्याशिवाय लख्ख दिसते. चंदेरीला खिडकी नव्हती. तिच्या पाठीवर पडदा होता आणि तो वहीच्या पानासारखा बाहेर उघडायचा. हलूनक्याला लांबचे धूसर दिसे. चष्मा होता, पण तो खिशातच राही. त्याने माझ्या खिडकीला डोळा लावला, चाक फिरवले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहून हसला.

"मला हा घ्यायचाय," तो म्हणाला.

"अहो, हिचा पडदा तर बघा," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे फोटो दाखवता येईल."

"गिऱ्हाइकाला दाखवला की ते म्हणतं, परत काढा."

"मग पहिल्यांदाच नीट काढायचा."

दुकानदार दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडून मान हलवत होता. तो म्हणाला, "चंदेरीची एक गंमत आहे बघा. ती चेहरा गुळगुळीत करते. सुरकुत्या, डाग, मागचा पसारा, सगळं आपोआप विरघळवते. हात थरथरला तरी आतल्या आत सावरून घेते. काळ्याला तसलं काही येत नाही. त्याला जे दिसतं ते तो पुढ्यात ठेवतो."

"म्हणजे भांडखोर आहे," वहिनी म्हणाली.

"माझ्या आईसारखा," हलूनका म्हणाला, आणि वहिनीने हसू दाबले.

नवराबायकोचे एकमत होईना, म्हणून हप्त्यावर दोघांनाही घरी आणले. बाहेरच्या कामाला चंदेरी, आणि दुकानात बसून काढायच्या फोटोंना मी. अशी आमची वाटणी झाली.

हलूनक्याचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला रस्त्याचे दार, दुसऱ्या टोकाला राखाडी रंगवलेली भिंत. भिंतीपुढे स्टूल. त्या भिंतीच्या पलीकडे गादीवाल्याचे दुकान होते, त्याचे तोंड मागच्या गल्लीत. दोन्ही दुकाने पाठीला पाठ लावून बसलेली, आणि मध्ये ती एकच भिंत. भिंतीत वरच्या अंगाला दोन लाकडी तुळया घुसवून त्यांवर माळा केला होता. माळ्यावर हलूनक्याच्या वडिलांच्या वेळचे सामान होते. लोखंडी स्टँड, भलेमोठे दिवे, काचांनी भरलेली पेटी. ते टाकवत नव्हते आणि लागतही नव्हते. स्टुलावर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर हे सगळे असे. पण कोणी वर बघत नसे. कारण खालून आवाज येई, हलू नका.

फरशीवर रंगाचे तीन ठिपके होते. स्टँडचे तीन पाय त्या ठिपक्यांवर. मी कायमचा त्या स्टँडवर. समोर तेच स्टूल, तीच भिंत. फोटो निघाला की तो आतल्या खोलीत वहिनीच्या कॉम्प्युटरवर जाई आणि ती पुसायला बसे. पुसणे हाच तिचा शब्द होता. कोणाचा चामखीळ पुसायची, कोणाच्या डोळ्यांखालचे काळे पुसायची. "मी पुसलं की माणूस दोन मुलं आधीचा दिसतो," असे ती म्हणे. एकीने आपला फोटो पाहून विचारले होते, "ही माझी धाकटी बहीण का?" वहिनीने ते महिनाभर सगळ्यांना सांगितले.

ती माझी चांगली वर्षे होती. हलूनका रोज मऊ फडक्याने माझे भिंग पुसायचा. "काळू आहे म्हणून दुकान आहे," म्हणायचा. चंदेरी बाहेरून दमून यायची आणि रिकाम्या बॅटरीने कोपऱ्यात पडून राहायची. तिला मोठा पडदा सतत जागा ठेवावा लागे, त्यामुळे तिची भूक फार. मी थोडक्यात भागवत असे.

हलूनक्याची आईही तिथेच असे. दुपारी गिऱ्हाईक थांबले की आई स्टूल मागे ओढून भिंतीला टेकून बसत. भिंत गार असे. तिथेच त्यांचा डोळा लागे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना माणसे आवाजावरून कळत. जिभेला मात्र मोतीबिंदू झालेला नव्हता.

मग गादीवाल्याने आपल्या दुकानाखाली तळघर खणायला घेतले.

आधी पलीकडून नुसते खरवडल्यासारखे ऐकू यायचे. मग घणाचे घाव सुरू झाले. धप्. जरा थांबून पुन्हा धप्. हलूनका मागच्या गल्लीत जाऊन आला.

"काय चाललंय काय तुमचं?" त्याने विचारले.

"गाद्या ठेवायला जागा करतोय. थोडे दिवस सोसा शेजारी," गादीवाला म्हणाला. "झालं की आईंना एक मऊ गादी देतो."

"भिंतीला काही होणार नाही ना?"

"भिंत तुमची तशी माझीही आहे. मी माझ्या पाठीवर कुऱ्हाड घालीन का?"

हलूनका परत आला आणि वहिनीला म्हणाला, "तो म्हणतो, काही होत नाही." तेवढ्यावर विषय मिटला.

त्या दिवसापासून माझे फोटो किंचित हलू लागले. गिऱ्हाईक दगडासारखे बसलेले असायचे, तरी कडा दुहेरी यायच्या. हलूनका स्टँडचे पेच आवळायचा. माझ्या अंगाखालून, फरशीतून, बारीक थरथर वर चढत होती. ती मला कळत होती. मला सावरून घेता येत नाही, म्हणून ती माझ्या फोटोत उतरत होती. पण हलूनक्याने दोन-चार वेळा माझ्या जागी चंदेरीला बसवून पाहिले. तिने ती थरथर आतल्या आत गिळून टाकली. तिचे फोटो स्वच्छ आले.

"काळू म्हातारा झाला," हलूनका म्हणाला. "थरथरतो."

मित्रांनो, जमीन थरथरत होती आणि म्हातारा मी ठरलो.

पुढे एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या कानामागे, राखाडी भिंतीवर, बारीक काळी रेघ उमटली. केसाइतकी. वहिनीने आतून हाक मारली, "अहो, काळूच्या पोटात केस पडलाय."

दुसऱ्या फोटोत तीच रेघ त्याच जागी, तिसऱ्यातही तशीच. फोटोवाल्यांना हे दुखणे माहीत असते. कॅमेऱ्याच्या पाटीवर केस पडला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. गिऱ्हाईक बदलते, केस बदलत नाही. हलूनक्याने तोच हिशोब केला. त्याच्या एवढेच ध्यानात आले नाही, की मी त्या तीन ठिपक्यांवरून कधी हललोच नव्हतो. माझ्यासाठी ती भिंतही त्याच जागी होती.

तुम्ही विचाराल, कोणी नुसती मान वर करून भिंतीकडे का पाहिले नाही? कोण पाहणार? गिऱ्हाइकाचे लक्ष स्वतःच्या भांगाकडे, आणि बसले की भिंतीकडे पाठ. आईंना मोतीबिंदू. वहिनी आतल्या खोलीत, तिने पाहायची ती भिंत पडद्यावरची. आणि हलूनक्याला लांबचे धूसर. त्याला ती भिंत लख्ख दिसायची ती फक्त माझ्या खिडकीतून, आणि माझ्या खिडकीतून जे दिसे, तो माझाच दोष होता.

वहिनीने रेघ पुसली. तिचा हात त्यात बसलेला. बोटाच्या एका फेऱ्यात भिंत पुन्हा सारखी झाली. गिऱ्हाईक आपला फोटो खिशात घालून गेले.

रेघ खाली उतरू लागली. आठवड्यात ती कानापासून खांद्यापर्यंत आली.

"मेला केस वाढतोय," वहिनी हसून म्हणाली.

मला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेले. त्याच्या टेबलावर हाडे काढून ठेवल्यासारखे कॅमेरे पडलेले होते. तो हलूनक्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने माझे भिंग उतरवले, पोटात उजेड टाकला, फुंकणीने हवा मारली, ओल्या काडीने पाटी पुसली. मग पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. कागद कोरा आला.

"केसबिस काही नाही याच्यात," तो म्हणाला.

"मग निघाला असेल."

"निघाला असता तर काडीला लागला असता."

"अरे, रोज दिसतोय मला. तू काय मला शिकवतोस?"

"बरं बाबा. निघाला," कारागीर म्हणाला.

दुकानात येऊन मला ठिपक्यांवर बसवले. पहिल्याच फोटोत रेघ. आता तिला खाली फांदी आली होती.

"केसाला फाटा फुटलाय," वहिनी म्हणाली. या वेळी ती फारशी हसली नाही. रेघ पुसायला तिला आता वेळ लागत होता.

हलूनका पुन्हा कारागिराकडे गेला. पुन्हा कागद कोरा. "तुझ्या दुकानात फोटो काढतात की हजामती करतात?" कारागीर वैतागून म्हणाला. "इथे केस नसतो आणि तिथे गेला की उगवतो. तुझं दुकान बघ एकदा."

तो खरे बोलला होता, पण चिडून बोलला होता. चिडून सांगितलेले खरे कोणी घरी घेऊन जात नाही.

शेवटी हलूनक्याने निकाल लावला. त्याने मला स्टँडवरून उतरवले आणि चंदेरीला तिथे बसवले. तिचा पहिला फोटो आला. गिऱ्हाइकाचा चेहरा दुधासारखा, मागची भिंत धुक्यासारखी. रेघ नाही, थरथर नाही.

"बघ," तो वहिनीला म्हणाला. "दोष कोणात होता ते कळलं."

दोन कॅमेरे एकाच जागी ठेवले, एकात रेघ आणि दुसऱ्यात नाही. याहून सरळ पुरावा कोणता? चंदेरीला मी दोष देत नाही. तिला जसे घडवले तसे ती करत होती. लोकांना आवडेल ते दाखवणे तिचा धर्म. केसाने गळा कापणे म्हणतात ना, ते कसे असते हे मला त्या दिवशी कळले.

मला दारालगतच्या फळीवर ठेवले, स्टुलाकडे तोंड करून. भिंगाचे झाकण केव्हाच हरवले होते. त्यामुळे माझा डोळा उघडाच राहिला.

मित्रांनो, नंतरच्या दिवसांत मी जे पाहिले ते कोणालाही पाहायला लागू नये.

रोज दुपारी आई स्टूल मागे ओढत आणि भिंतीला टेकत. रेघ बरोबर त्यांच्या मानेमागून वर गेली होती, थेट तुळईच्या तोंडापर्यंत. पलीकडून धप् झाले की तुळईच्या खोबणीतून चिमूटभर चुना सुटे आणि आईंच्या डोक्यावर पडे. त्यांचे केस पांढरे, चुना पांढरा. त्या झोपेतच मानेवरून हात फिरवत आणि पुन्हा घोरू लागत.

संध्याकाळी वहिनी दाराशी, उजेडात, त्यांचे केस विंचरायला बसे.

"आई, केवढा कोंडा झालाय हो."

"तेल जरा सढळ लाव. आखडता हात तुझा."

"एवढं तेल लावते तरी कमी होत नाही. उलट वाढतोय."

"म्हातारपणी दुसरं काय वाढणार?"

वहिनी फणी झटकायची. फरशीवर बारीक भुकटी पडायची, आणि ती केरसुणीने दाराबाहेर जायची. ते त्या भिंतीचे अंग होते. कोंडा म्हणून रोज झाडून टाकले जात होते.

मी फळीवरून पाहत राहिलो. माझी बॅटरी काढून ठेवली होती. मला बटणही दाबता येत नाही. ओरडायचे तर आवाज नाही, उडी मारायची तर पाय नाहीत. रेघ आता काडीएवढी रुंद झाली होती. चंदेरीच्या फोटोंत ती धुके होऊन विरत होती, आणि राहिलेले वहिनी सवयीने पुसत होती. का पुसते आहोत, हे तिलाही आता आठवत नसावे.

एका सकाळी आई स्वतःच स्टुलावर येऊन बसल्या.

"माझा फोटो काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "माझ्यानंतर लावायला. तुम्ही ऐन वेळी कुठला तरी शोधाल आणि माझं तोंड वाकडं असेल."

"असलं काय बोलतेस, आई?" हलूनका म्हणाला. तरी त्याने दिवा लावला.

"आणि ही चांदीची बया नको. शेजारणीचा फोटो हिने काढला, तर तिच्या नातवाने विचारलं, ही कोण? माझ्या सुरकुत्या जायला नकोत. गुळगुळीत होऊन वर गेले, तर तुझा बाप मला ओळखायचा नाही. तो काळा आण. भांडखोर आहे ना, तोच आण."

वहिनी आतून म्हणाली, "आई, काळूत केस आहे."

"असू दे. माझ्या डोक्यावर कमी आहेत, एखादा त्याचा."

हलूनका हसला. त्याने मला फळीवरून उचलले, बॅटरी घातली. एका फोटोसाठी चंदेरीला स्टँडवरून कशाला उतरवायचे, म्हणून त्याने मला हातातच धरले. किती दिवसांनी त्याचा डोळा माझ्या खिडकीला लागला. त्याने चाक फिरवले. मी त्याला सगळे दिले, जसे होते तसे. आईंचा चेहरा, एकेक सुरकुती, आणि कानामागून वर चढणारी रेघ.

"हलू नकोस, आई," तो म्हणाला. आईंनी हनुवटी उचलली आणि जन्मभराच्या सवयीने दगड झाल्या. त्याने बटण दाबले. फोटो निघाला.

"अजून एक काढतो," म्हणून तो अर्धे पाऊल डावीकडे सरकला.

रेघही सरकली.

तो थांबला. उजवीकडे झाला. खिडकीत रेघ उलट्या बाजूला गेली. त्याने मला आडवे धरले होते ते उभे केले. कॅमेरा फिरला की पोटातला केस त्याच्याबरोबर फिरायला हवा. रेघ फिरली नाही. ती आईंच्या मागे सरळ उभीच राहिली.

त्याने डोळा काढला, समोर धूसर भिंत पाहिली, आणि पुन्हा डोळा लावला. आता तो हलत नव्हता. मी हलत नव्हतो, आई हलत नव्हत्या. आणि पलीकडून घण पडला. धप्. सगळे जागच्या जागी असताना ती रेघ एकटी उघडली. आईंच्या खांद्यावर चुन्याचा एक खपला पडला.

"आई, हल," तो म्हणाला.

आई तशाच बसून राहिल्या.

"हल, आई. हल तिथून."

त्या स्टुलावर बसलेल्या माणसाने आजवर त्याच्या तोंडून एकच गोष्ट ऐकली होती. आईंच्या कानांनीही तीच ऐकली. त्यांनी हनुवटी आणखी वर केली आणि ओठ न हलवता पुटपुटल्या, "नाही हलत रे. काढ लवकर."

हलूनक्याने मला सोडले. ठेवले नाही, सोडले. त्याचे बोट सुटता सुटता बटणावर दाबले गेले आणि पडता पडता मी एक फोटो काढला. मग फरशी आली.

माझे भिंग तडकले तो आवाज कोणाला ऐकू आला नसेल. कारण त्याच वेळी तुळई सुटली. मी आडवा पडून जे पाहिले ते असे: हलूनका आईंच्या दोन्ही काखांत हात घालून मागे येत होता, आईंच्या टाचा फरशीवरून घासत होत्या, आणि माळा एका बाजूने खाली वाकला. लोखंडी स्टँड, दिवे, काचांची पेटी, सगळे स्टुलावर आले. तिथून ते स्टँडवरच्या चंदेरीवर आले. मग भिंतीचा वरचा भाग दमल्यासारखा बसला, आणि खोली पांढरी झाली.

बराच वेळ फक्त खोकला ऐकू येत होता. वहिनी आतल्या खोलीच्या चौकटीत दोन्ही हात टेकून उभी होती. भिंतीला पडलेल्या भगदाडातून पलीकडे गादीवाला दिसत होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, फक्त डोळे उघडे. मला माझा कारखाना आठवला.

"आई आहेत ना?" त्याने विचारले. मग भगदाडाकडे पाहत म्हणाला, "आधी काही दिसलं नव्हतं का हो तुम्हाला? रेघबिग?"

आई फरशीवर बसल्या होत्या. एक चप्पल पायात, एक ढिगाऱ्याखाली.

"दिसत होतं," त्या म्हणाल्या. "हे त्याला केस म्हणत होते."

नंतर वहिनीने माझ्या पोटातले कार्ड काढून पडद्यावर लावले. शेवटचा फोटो तिरपा होता. स्टुलाचे दोन पाय, आईंच्या हाताचे कोपर, आणि भिंत. हात आत जाईल एवढी उघडलेली. वहिनी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने गेल्या काही महिन्यांचे फोटो एकामागून एक उघडले. मूळचे कधीच ठेवले नव्हते, होते ते पुसलेले. सगळ्यांच्या मागे भिंत शाबूत. कुठे ओरखडा नाही.

"किती छान पुसलंय मी," ती हळूच म्हणाली, आणि पडदा बंद केला.

मित्रांनो, आता आम्ही दुसऱ्या जागेत आहोत. चंदेरी ढिगाऱ्यातून चपटी होऊन निघाली. तिच्या पाठीवरचा पडदा मात्र उघडा होता. हलूनका आता डोळ्यांवर चष्मा ठेवतो. गिऱ्हाईक बसवण्याआधी तो भिंतीवरून हात फिरवतो, मग वर पाहतो. हलू नका म्हणायला त्याला हल्ली जड जाते. नुसते "हं" म्हणतो. नवा कॅमेरा आला आहे, दोघांत एकच, आणि त्याला खिडकी आहे.

आईंचा तो पहिला फोटो भिंतीवर आहे. सुरकुत्यांसकट, कानामागच्या रेघेसकट. "माझ्यानंतर कशाला, आत्ताच लावा," त्या म्हणाल्या होत्या. त्या त्याच्याखालीच बसतात. पण खुर्ची भिंतीपासून लांब ओढून.

मी काचेच्या कपाटात असतो. कधी मला बाहेर काढून कोणी फोटो काढला, तर प्रत्येक फोटोत एक रेघ येते. या वेळी दोष खरेच माझा आहे. वहिनी ती पुसत नाही.

मला तुमच्याकडे एकच मागायचे आहे. आमची निगा राखा, आम्हाला पडू देऊ नका, हे तर आहेच. पण आम्ही तुम्हाला न आवडणारे काही दाखवले, तर लगेच आमचे पोट पुसायला घेऊ नका. आधी एकदा मान वर करून समोर पाहा. त्या दुकानात निघालेले फोटो अजून कितीतरी माणसांच्या खिशांत आहेत. हसरे चेहरे आणि मागे शाबूत भिंत. ती भिंत आता नाही. तुमच्या घरीही फोटो असतील. त्यांतली माणसे तुम्ही पुष्कळदा पाहिली आहेत. आज त्यांच्या मागे काय आहे ते पाहा, आणि तुमच्याकडची भिंत अजून उभी असेल, तर तिच्यावरून एकदा हात फिरवून या.